पाऊण इंच मागे

आमच्या मास्तरांनी मला ब्लाउज शिवायला शिकवला, पण मुंढा शिकवला नाही. मुंढा म्हणजे जिथे बाही जोडतात ती काखेची गोलाई. ब्लाउज अंगावर बसणार की अंगावरून लोंबणार, हे सगळं तिच्यावर असतं. गळा, टक्स, पाठ, पट्ट्या, सगळं मास्तर आम्हा चार मुलींसमोर आखून दाखवायचे आणि मुंढ्याची वेळ आली की पाठ फिरवायचे. खडूचा आवाज यायचा, मग कात्रीचा, आणि कापलेला तुकडा आमच्यासमोर पडायचा. "ते हाताला आपोआप येतं," म्हणायचे. आपोआप कसलं येतंय! हातचं राखून शिकवणं ही त्यांच्या धंद्याची रीतच होती, आणि त्यांच्या मास्तरांनीही त्यांना तसंच शिकवलं असणार.

मी काय केलं, तर संध्याकाळी दुकान झाडायचं काम आपणहून मागून घेतलं. मुंढ्यातून कापून पडलेल्या चिंध्या पिशवीत भरून घरी न्यायच्या, वर्तमानपत्रावर ठेवून त्यांची कड गिरवायची. काय टाकलं यावरून काय ठेवलं ते मी शोधून काढलं. याचा मला अजूनही अभिमान आहे. आणि त्यातून मी धडा घेतला तो एवढाच, की आपल्या चिंध्या कुणाच्या हाती लागू द्यायच्या नाहीत.

करंजाड्याला राहायला आल्यावर हॉलमध्ये मशीन टाकलं, तेव्हापासून माझ्या घरातून कापडाचा एक तुकडा अखंड बाहेर गेलेला नाही. कचऱ्यात टाकण्याआधी मी चिंध्यांचेही तुकडे करते. माझा मुलगा हसतो. आजूबाजूच्या तिघीजणींना मी शिवण शिकवलं, त्यातही प्रत्येकीला एकेक गोष्ट मुद्दाम चुकीची सांगितली. एकीला खांदा, दुसरीला गळ्याची खोली, तिसरीला टक्सचं टोक. तिघींच्या चुका वेगळ्या, कारण उद्या बाजारात एखादीच्या ब्लाउजवर ती विशिष्ट चुणी दिसली की कुणाकडून फुटलं ते मला लगेच कळावं. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगते आहे, कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी धाकटी बहीण आपट्याला दिली आहे. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास तिचं ऑपरेशन झालं आणि डावा स्तन काढावा लागला. ती त्यातून उठली, खाऊ-पिऊ लागली, नदीवर फिरायलाही जायची म्हणे, पण गाऊनवर ओढणी घेऊन. साडी नेसायचं नाव काढलं की विषय बदलायची. इकडे तिच्या मुलीचं लग्न ठरलेलं, एप्रिलचा मुहूर्त. आणि एक दिवस फोनवर सहज बोलल्यासारखी म्हणाली, "कन्यादानाला जाऊबाई बसतील. मी आत असेन."

पलीकडून जाऊबाईंचा आवाज आला, "तुमी नका काळजी करू, काय नाय होत, मी बसते." त्या भल्या बाई आहेत, पण मला त्यांचा रागच आला. सख्ख्या आईने आतल्या खोलीत बसायचं आणि जावेने मुलीचा हात द्यायचा! मी इतकी वर्षं बायकांना ब्लाउज शिवून दिले ते कशासाठी? मी म्हटलं, "तू बसणार. मी शिवते."

शिवायला गेले आणि तोंडघशी पडले. मला दोन्ही बाजू सारख्या असलेलं अंगच माहीत. डाव्या बाजूला कापूस भरून पाहिला, तर तो हात वर केल्याबरोबर गळ्याकडे सरकला. आतून खिसा केला, तर ती बाजू हलकी पडून वर चढली आणि गळा तिरका झाला. तिसऱ्या वेळी ती आरशासमोर उभी राहिली, पाहिलं आणि हुक काढायला लागली. "असू दे गं," म्हणाली. रडली असती तर परवडलं असतं.

मग तिनेच सांगितलं. दवाखान्यात ड्रेसिंगच्या रांगेत एक बाई भेटली होती. जुन्या पनवेलात, मोहल्ल्याकडे जाणाऱ्या गल्लीत एक कोकणी मुसलमान बाई अशा ब्लाउजचं पेपर कटिंग, म्हणजे मापाचा कागदी नमुना, देते. फुकट.

फुकट म्हटल्यावर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कुठला कारागीर आपला कागद फुकट देतो? कागदावर तर आमचं पोट. नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. एक तर तो कागद निकामी असणार, नाहीतर कागदाच्या निमित्ताने गिऱ्हाईक बांधून घ्यायचं असणार. त्यात ती गल्ली. इतक्या वर्षांत मी त्या बाजूला सुकी मासळी घ्यायलासुद्धा गेले नव्हते, आणि का गेले नव्हते हे मला कुणी विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं.

मुलगा कॉम्प्युटरवाला. त्याला हे सांगितलं तर तो खूशच झाला. त्यांच्यात म्हणे असंच चालतं. जगभरातली माणसं आपण लिहिलेलं उघडं ठेवतात, कुणीही घ्यावं, वापरावं, चूक सापडली तर दुरुस्त करून परत ठेवावं. "आई, हे अगदी तेच आहे," म्हणाला.

"कॉम्प्युटरला काख नसते," मी म्हटलं आणि स्टँडपर्यंत रिक्षा केली.

खाली छोटं दुकान, वर घर. माझ्याच वयाची बाई, मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. नवरा आखातात असतो म्हणाली. मी आधीच ठरवून गेले होते की ताकास तूर लागू द्यायची नाही. मी म्हटलं, "भाभी, बहिणीसाठी हवं होतं. मी नाही शिवत. आमची शिवणारी वेगळी आहे."

तिने माझ्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. कात्रीचा घट्टा आहे तिथे, झाकायचा म्हटला तरी झाकत नाही. तिने उठून पाणी दिलं, मग एक फुगलेली फाइल काढली.

"आमच्या जावेला ही बीमारी झाली होती," म्हणाली. "बिचारी ईदलासुद्धा बाहेर येत नव्हती. तिच्या मापावर बनवला हा कागद. ती गेली, कागद राहिला. ज्यांना तकलीफ आहे त्या येतात, घेऊन जातात."

कागदावर कागद ठेवून ती तिथल्या तिथे गिरवून देत होती. मी म्हटलं, फोनवर फोटो का नाही पाठवत? तर म्हणे फोटोत माप राहत नाही. तेवढ्यात मी फाइल चाळून घेतली. प्रत्येक कागदाच्या कडेला पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं, निरनिराळ्या अक्षरांत. मराठी, हिंदी, थोडं उर्दू. "उजवी बाजू. गळा एक इंच वर घेतला." "कापूस हलका पडतो, बाजरी भरा." त्याच्याखाली दुसऱ्या हाताने, "बाजरीला मुंग्या लागल्या. राई भरा." एकीने तर लिहिताच येत नसावं, नुसतं चित्र काढून बाण दाखवला होता. मी मनात म्हटलं, बायकांना काय कळतंय, यातलं निम्मं खोटं असेल. मी असते तर निम्मं खोटंच लिहिलं असतं.

कागद गुंडाळून हातात देताना ती म्हणाली, "पैसे नकोत. फक्त तुमच्या शिवणाऱ्या ताईंना सांगा, काही बदल केला तर इथे येऊन लिहून जायचं. कोणासाठी, काय तकलीफ होती, काय केलं. आणि तुमचा नंबर द्या. कागद सुधारला तर मी कळवते."

हां, म्हटलं, आलं पाणी बाहेर. माझ्या हाताचं कसब तिला हवंय आणि वर नंबरही. मी शेवटचा आकडा बदलून नंबर सांगितला. तिने तो वहीत नीट लिहून घेतला.

घरी येऊन दोन दिवस मी त्या कागदात काय दडवलंय तेच शोधत बसले. इंच-टेप घेऊन प्रत्येक रेघ मोजली. खिसा बरोबर होता. खांद्याची पट्टी रुंद घेतली होती, त्यामुळे वजन पेलणार होतं. काही सापडेना, तेव्हा माझा संशय आणखी वाढला. शेवटी कापून, कच्ची टीप घालून ब्लाउज बहिणीला घातला. आणि काय सांगू, बसला की! दोन्ही बाजू सारख्या, गळा सरळ, हात वर केला तरी राई जागची हलली नाही. बहीण आरशापुढून हलेना.

तासाभराने तिने हात अंगापासून लांब धरला. काखेत, जिथे ऑपरेशनचा वण संपतो, नेमकी तिथेच बगलेची शिवण येत होती. कातडी लालभडक झाली होती.

बहिणीची कळ मला कळायला हवी होती. पण खरं सांगते, आधी मला आनंद झाला. सापडलं! बाईने हातचं राखलंच होतं. मी नव्हते म्हणत? सगळं बरोबर देऊन नेमका मुंढा चुकवला. मास्तर पाठ फिरवायचे, हिने हसून कागद दिला, एवढाच फरक.

मुंढा ही तर माझी मिरास. ती शिवण मी पाऊण इंच मागे नेली, पुढचा भाग तेवढा वाढवला, काखेत जुन्या मऊ धोतराची पट्टी घातली आणि माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, आत न ठेवता बाहेरच्या बाजूला दुमडली. ऐकायला सोपं वाटतं. माझे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी बहिणीने तो ब्लाउज घालून आपट्याच्या घरात सकाळपासून दुपारपर्यंत काम केलं आणि फोन करून म्हणाली, "मी विसरलेच होते घातलाय ते."

लग्नात तिने डाळिंबी साडी नेसली. कन्यादानाला नवऱ्याशेजारी पाटावर ती बसली. मुलीच्या हाताखाली हात धरला, पाणी सोडलं. मी समोरच उभी होते, आणि मला ना मुलगी दिसत होती ना जावई, नुसती त्या ब्लाउजची डावी बाजू दिसत होती. कुठे चुणी नाही, काही नाही. माझे डोळे भरून आले. जाऊबाई माझ्या शेजारी पदराने नाक पुसत होत्या, त्यांच्यावरचा माझा राग तिथेच गेला.

जेवणं झाल्यावर बहीण म्हणाली, "ताई, तू तो बदल त्या भाभींना सांगितलास ना?"

"सांगितला की," मी म्हटलं.

नव्हता सांगितला. आणि सांगणारही नव्हते. तिने जाणूनबुजून दडवलं, मग मी का उघडं करू? मधूनमधून आठवण यायची, नाही असं नाही. स्टँडवर गेले की ती गल्ली डावीकडे दिसायची. मग मी मनातल्या मनात भांडायचे तिच्याशी, आणि भांडणात मीच जिंकायचे. असे सात महिने गेले. तेवढ्या काळात बहिणीला मी रोजच्या वापराचे आणखी दोन ब्लाउज शिवून दिले.

नोव्हेंबरात ती तपासणीला गेली होती. त्यानंतर दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज शांत, आणि ती शांत बोलते तेव्हा मला भीती वाटते.

"दवाखान्यात एक बाई होती. हात असा लांब धरून बसलेली. मला बघूनच कळलं. विचारलं तर म्हणाली, कागद पनवेलवरून आणला, गेल्या महिन्यात."

मी हातातला टेप गळ्यात अडकवला.

"तू सांगितलं म्हणाली होतीस."

"अगं, मुद्दाम चुकवलं होतं तिने. तुला कळत नाही, आमच्या धंद्यात..."

"मी काल एसटीने जाऊन आले त्यांच्याकडे," ती म्हणाली. "मला शिवणातलं काही सांगता येत नाही. म्हणून लग्नातला ब्लाउजच देऊन आले. उसवून बघा म्हटलं. बाकीचे दोन मला रोज लागतात. तो कपाटातच होता."

मी फोन ठेवला आणि तशीच निघाले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, गळ्यात टेप तसाच लटकतोय. माझा ब्लाउज उसवणार! चिंधीसुद्धा कुणाला न दाखवणारी मी, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्या बाईच्या टेबलावर उघडं पडणार. खरं म्हणजे मला बहिणीचा राग आला होता, पण तिच्यावर रागावायला तोंड नव्हतं, म्हणून तो मी त्या बाईसाठी राखून ठेवला.

उसवून झाला होता. एकही धागा ओढून तोडलेला नव्हता, एकेक टीप कापून काढलेली. डाळिंबी तुकडे इस्त्री करून टेबलावर मांडलेले, आणि ती मुंढ्याच्या कडेने पेन्सिल फिरवत होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलात, ताई. हा जोड इतका मागे का घेतलाय ते कळत नव्हतं. चुकून की काही कारण आहे?"

"चुकून?" माझा आवाज चढला. "चूक तुमच्या कागदात होती. मुद्दाम ठेवलेली. मुंढा तेवढा राखून बाकीचं वाटायचं, मला काय माहीत नाही ही रीत?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. रागावली नाही. तिला खरंच कळत नव्हतं मी काय म्हणते आहे ते.

"मुद्दाम कशाला ठेवीन? जावेचा वण छोटा होता, काखेपर्यंत नव्हताच. तिला टोचलं नाही. माझ्याकडे मापाला ती एकटीच होती." मग म्हणाली, "ज्यांना टोचलं असेल त्या परत आल्याच नाहीत सांगायला. मला वाटलं, सगळ्यांना ठीक आहे."

मी खुर्चीत बसले. भांडण्यासाठी जे जे गोळा करून आणलं होतं त्यातलं एकही कामाचं उरलं नाही. मला वाटत होतं तिच्याकडे काहीतरी आहे आणि ती ते देत नाही. तिच्याकडे ते नव्हतंच. सात महिने ते फक्त माझ्याकडे होतं.

मी तिला दाखवलं. माझ्याच ब्लाउजच्या तुकड्यांवर बोट ठेवून दाखवलं, वण कुठे संपतो, हात हलतो तेव्हा कातडी कुठे ताणली जाते, जोड पाऊण इंच मागे घेतला की पुढे किती वाढवायचं, माया बाहेर का दुमडायची. जन्मात पहिल्यांदा मी मुंढा कुणासमोर पाठ न फिरवता आखला. तिला पटकन कळलं. तिने दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही बरोबर होते. ते दुसऱ्या कुणाला सुचतील असं मला वाटलंच नव्हतं.

मग तिने कागद माझ्याकडे सरकवला. "आता लिहा. कोणासाठी, काय तकलीफ होती, काय केलं. आणि कधी केलं ते पण, मंजे त्यानंतर जुना कागद कोणाकोणाकडे गेला ते मला कळेल."

पेन्सिल हातात धरून मी बसून राहिले. आजची तारीख घातली असती तर कुणाला काय कळणार होतं? बहिणीला कळलं असतं, पण ती पुन्हा कागद बघायला थोडीच येणार होती. मी बाकीचं सगळं आधी लिहून घेतलं, सावकाश, चांगल्या अक्षरात. मग लिहिलं, एप्रिल.

तिने वाचलं. खिडकीबाहेर पाहिलं, बोटांच्या पेरांवर महिने मोजले. मी वाट पाहत होते काय बोलते याची. तिने वही काढली, नंबरांची, आणि एप्रिलनंतरची पानं उलटत गेली. पानं बरीच होती. मधून वही उघडून तिने एक बाजू माझ्याकडे केली.

"इथून पुढचे फोन मी करते," म्हणाली. "हे तुम्ही करा."

मी पहिला नंबर लावला. कामोठ्याची कुणी बाई होती, आवाजावरून तरुण वाटली. मी सांगितलं, ते ब्लाउजचं पेपर कटिंग तुम्ही नेलं होतं ना, त्याबद्दल बोलायचं होतं. काखेत टोचतं का?

"टोचतं की," ती म्हणाली. आणि मग घाईघाईने, मी रागावेन असं वाटल्यासारखी, "पण कागदाची चूक नाही हां. माझंच अंग आता तसं झालंय, त्याला काही बसतच नाही."